उषाबाईंची दुपारची पुस्तकं

आमच्या मंडळाच्या अंकात यंदा ‘सध्या काय वाचता आणि इतरांना काय सुचवाल’ असं एक पान ठेवलं आहे. सगळ्यांनी आपापलं लिहून दिलं, मीच राहिलो होतो. मला लिहायची सवय नाही. शिवाय खरं सांगायचं तर गेल्या दोन वर्षांत मी स्वतः निवडून एकही पुस्तक वाचलेलं नाही. जे वाचलं, किंवा ऐकलं म्हणू, ते सगळं उषाबाईंनी निवडलेलं. तेव्हा त्यांच्याबद्दलच लिहितो. आधी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, “लिहा ना नाना. फक्त माझं वय लिहू नका.” म्हणून वय लिहीत नाही.

सुरतेत गोडादऱ्यात आमची इमारत संपते तिथे रो-हाऊसची ओळ सुरू होते. त्यातलं टोकाचं घर उषाबाईंचं. त्या शिरपूरकडच्या. शाळा सातवीपर्यंत. लग्न होऊन सुरतेला आल्या त्या इथल्याच झाल्या. नवरा सुकदेव लूमवर कामाला. इकडे लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. खात्यात दिवसभर एवढा आवाज असतो की शेजारच्या माणसाशीही हातवारे करून बोलावं लागतं. अशी सगळी उमेदीची वर्षं काढल्यावर सुकदेवच्या कानांचं जे व्हायचं ते झालं. त्यामुळे त्या घरात सगळेच वरच्या पट्टीत बोलतात. नव्या माणसाला वाटतं भांडण चाललंय. आत जाऊन बघावं तर “चहात साखर कमी आहे” एवढंच असतं.

उषाबाई आणि ओळीतल्या चार-पाच बायका दुपारी साड्यांवर खडे चिकटवायचं काम करतात. मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे येतात, उषाबाईंच्या घरापुढच्या ओट्यावर सतरंजी पसरतात, प्रत्येकीच्या मांडीवर एक साडी, हातात गोंदाची नळी. श्रावणात उषाबाई पोथी लावतात. पोथी वाचायची आणि हात चालू ठेवायचे, असं पुष्कळ वर्षं चाललं होतं. दोन वर्षांपूर्वी पोथी संपली, समाप्तीचा शिरा खाऊन झाला, आणि दुसऱ्या दिवशी बायका कामाला बसल्या तर कोणाचंच काम उठेना. जयश्री म्हणून त्यांच्यात एक तरुण, तिखट जिभेची बाई आहे. ती म्हणाली, “मावशी, काहीतरी वाच बाई. ह्या शांततेत मला माझी सासूच आठवते.”

उषाबाई तशाच उठून आमच्याकडे आल्या. सून अनुजा शाळेत गेलेली, मी एकटाच घरी होतो. “नाना, पुस्तक आहे का? जाड पाहिजे. दोन दिवसांत संपलं तर मी पुन्हा कुठे हिंडू?”

मी मंडळाच्या वाचनालयाचा जुना सभासद. घरात भाषणांचा एक मोठा संग्रह होता, तो दिला. दुसऱ्या दिवशी परत.

“का हो, आवडलं नाही?”

“चांगलं आहे. पण नाना, ह्यात कोणाला भूकच लागत नाही.”

 पुढच्या वेळी वाचनालयात गेलो तेव्हा कपाटासमोर उभा राहून मी पानं चाळत होतो आणि मनात विचार हाच, की ह्यात कोणी जेवतं का. तेव्हापासून पुस्तकं आणायचं काम माझ्याकडे लागलं. आणतो तर ऐका तरी, म्हणून त्यांनी मला ओट्याच्या पायरीवर बसवलं. रिकाम्या हातानं बसायचं नाही असा तिथला नियम. मला एक छोटी कात्री दिली आणि साडीच्या काठाचे लोंबते धागे कापायला लावले. मी घरातून निघताना अनुजा विचारते, “बाबा, ड्युटीवर निघालात?”

पुस्तकांची नावं त्या ओट्यावर कोणी लक्षात ठेवत नाही, लेखकांची तर नाहीच. नाव त्या स्वतः ठेवतात. मीही इथे तीच लिहितो. वाचनालयात जाऊन ह्या नावांनी मागाल तर मिळणार नाही, पण माझा नाइलाज आहे.

एक होतं दिव्याचं पुस्तक. समुद्रातल्या एका खडकावर दीपगृह, तिथे नवऱ्याच्या नोकरीमुळे राहिलेल्या बाईच्या आठवणी. होडी आली तर किराणा, नाही आली तर नाही. ती बाई डब्यात टोमॅटो लावते आणि कोंबडीशी गप्पा मारते. डुमसच्या किनाऱ्यावर भजी खाण्यापलीकडे आमच्यातल्या कोणी समुद्र पाहिलेला नाही. पण तिचं मीठ संपत आलं तेव्हा अख्खा ओटा काळजीत पडला होता. “चोहीकडे खारं पाणी आणि घरात मीठ नाही,” जयश्री म्हणाली, “ह्याला म्हणतात नशीब.” ते संपल्यावर उषाबाईंनी पुस्तक माझ्या हातात ठेवलं. “हे तुम्ही घरी नेऊन एकट्यानं परत वाचा नाना.” माझी बायको अरुणा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मी नेलं, वाचलं. त्यांनी ते मला का वाचायला सांगितलं हे मी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनीही पुढे काही विचारलं नाही.

दुसरं गुरांच्या डॉक्टराचं. खेड्यापाड्यांत हिंडून जनावरांवर इलाज करणारा हा माणूस सुई टोचण्याआधी म्हशीच्या कानात काहीतरी पुटपुटतो. जयश्री म्हणाली, “माझ्या दोन्ही बाळंतपणांत माझ्या कानात कोणी पुटपुटलं नाही. म्हैस व्हायला पाहिजे होतं.” ह्या पुस्तकात प्रकरणं छोटी, हसू जास्त, त्यामुळे काम भराभर होतं. उषाबाई म्हणतात ते हात चालवणारं पुस्तक. घाईचा माल असेल तेव्हा असलंच काढायचं.

आणि काही पुस्तकं हात थांबवणारी असतात. खानावळीची कादंबरी तशी. तालुक्याच्या गावातल्या तिघी जावा, नवऱ्यांचं दुकान बुडालेलं, तिघी मिळून खानावळ चालवतात. थोरली कडक, मधली लबाड, धाकटीला शिकायचं आहे. धाकटी एका पहाटे कोणाला न सांगता घर सोडून एसटी स्टँडवर जाते, आणि तिथे थोरली आधीच उभी असते. ती धाकटीच्या हातात जेवणाचा डबा देते आणि एक शब्द न बोलता परत फिरते. त्या दुपारी उषाबाईंनी हे वाचलं आणि कोणी मान वर केली नाही. कामही चालू होतं, निदान आम्हाला तसं वाटलं.

संध्याकाळी दीपकभाई माल न्यायला आला. मार्केटमधून गठ्ठे आणणारा हाच, गुजराती, स्वभावानं गरीब. त्यानं एक साडी उलगडली, पालटली, पुन्हा पालटली. खडे उलट्या बाजूला. दुसरी पाहिली, तीही तशीच.

“बेन, आ शुं कर्युं?”

 जयश्री म्हणाली, “धाकटी घर सोडून गेली, दीपकभाई.”

“कोनी धाकटी?” तो घाबरून खालीच बसला. त्याला वाटलं ओळीतलीच कोणी पोरगी. मग सगळी गोष्ट त्याला सांगावी लागली, थोरलीच्या डब्यासकट.  साड्या निस्तरायला दोन दिवस गेले. पण तेव्हापासून घाईचा माल टाकताना तो आधी पुस्तकाचं विचारतो, “आजे कई चोपडी चाले छे?” आणि खानावळीची म्हटलं की हात जोडतो. “ना ना, डॉक्टरवाळी चलावजो.”

ही खानावळीची कादंबरी अर्ध्यावर आली असताना उषाबाईंचा आवाज गेला. ह्या दुखण्याचा शेवट चांगला आहे हे इथेच सांगून टाकतो. मला स्वतःला अशा गोष्टी शेवट माहीत असल्याशिवाय वाचवत नाहीत.

आवाज एकदम गेला नाही. होळीनंतर घसा बसल्यासारखा झाला. उन्हाळा, थंड पाणी, गोंदाचा वास, कारणं पुष्कळ होती. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. ओट्यावर आम्ही थोडे जवळ सरकलो. मग आणखी थोडे सरकलो. मी पायरी सोडून सतरंजीवर आलो होतो, पण का आलो ह्याचा मीही विचार केला नाही.

घरात मात्र वेगळाच घोळ झाला. सुकदेवला बायकोचं बोलणं ऐकू येईनासं झालं. आधी ती स्वयंपाकघरातून हाक मारी ती पोचायची, आता पोचेना. त्याच्या कानांचं रडगाणं जुनंच, त्यामुळे त्यालाही वाटलं आणि घरातल्या सगळ्यांनाही वाटलं की कान आणखी गेले. “जोरमा बोल वं, आयकू येत नही,” तो म्हणायचा. उषाबाई मग जोर लावून बोलायच्या, घसा आणखी बसायचा, त्याला आणखी कमी ऐकू यायचं. महिना-दोन महिने हे असंच चाललं. एक दिवस तो माझ्याकडे आला. “नाना, मना कान गयात आते. तुमचा तो डॉक्टर दाखवा.”

मी सर्दीसाठी एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जात असे. त्यांच्याकडे आम्ही तिघं गेलो. त्यांचा मुलगा गजेंद्र सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीत कापडाच्या प्रोसेसिंग युनिटमध्ये आहे, त्याची पाळी होती. उषाबाई आल्या त्या नवऱ्याला काय सांगतात ते नीट ऐकून घ्यायला.

सुकदेवला काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावून तपासलं. डॉक्टरांनी त्याचे मागे कधीतरी खात्यात झालेल्या तपासणीचे कागद पाहिले, आलेख पाहिला. म्हणाले, “कान खराब आहेत, पण हे जुनं आहे. गेल्या वर्षात काही वेगळं झालेलं दिसत नाही.”

“मग ह्यांना माझं बोलणं का ऐकू येत नाही?” उषाबाईंनी विचारलं.

डॉक्टर लिहीत होते, त्यांनी पेन खाली ठेवलं. “बेन, आ अवाज क्यारथी आवो छे?” आवाज असा कधीपासून आहे, असं ते विचारत होते.

तेव्हा, म्हणजे अगदी त्या क्षणी, मला तो आवाज जसा होता तसा ऐकू आला. कोरड्या लाकडावर काही घासावं तसा. रोज ऐकत होतो आणि ऐकला नव्हता. सुकदेवचे कान जिथल्या तिथे होते. आवाज तिचा कमी झाला होता, आणि एका बहिऱ्या माणसालाच तेवढं ते कळलं होतं. त्यानं दोष फक्त स्वतःला लावून घेतला.

नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ होती. काढायला लागेल, काढून तपासायला पाठवायला लागेल, म्हणाले. तंबाखू? उषाबाईंनी मान खाली घातली. मुलगी असल्यापासून त्या दातांना मिसरी लावत आल्या, आमच्याकडच्या पुष्कळ बायका लावतात. डॉक्टरांनी फक्त लिहून घेतलं. मला वाटतं ते रागावले असते तर बरं झालं असतं.

बाहेर आल्यावर सुकदेव विचारत होता, “काय म्हने? मना कानले काय म्हने?” उषाबाईंनी त्याला हातांनीच सांगितलं. बोट गळ्याकडे, मग मूठ वळून दाखवली, म्हणजे गाठ. खात्यातला माणूस, हातांचं बोलणं त्याला पुस्तकासारखं वाचता येतं. 

त्या संध्याकाळी उषाबाईंनी मिसरीची डबी गटारात रिकामी केली आणि माझ्याकडे येऊन बसल्या. लिंबायतमधल्या एका ओळखीच्या माणसाला अशाच दुखण्यात गळ्याला भोक पाडलेलं त्यांनी पाहिलं होतं. तो बोलायचा ते त्या भोकावर बोट ठेवून, घरघर व्हायची.

“नाना, मेले तर मेले,” त्या म्हणाल्या. “सगळेच मरतात. पण मला तसं करून जिवंत ठेवलं तर मी वाचू कसं?”

  अनुजानं त्यांच्यासाठी कोमट पाणी आणलं, ते पिऊन त्यांनी पिशवीतून खानावळीची कादंबरी काढून माझ्यासमोर ठेवली. “डॉक्टर म्हणाले बोलू नका. उद्यापासून तुम्ही वाचा.”

“मी? मला नाही जमणार हो.”

“शाळा शिकलात ना?”

माझं वाचन म्हणजे कचेरीतलं परिपत्रक. मी साठ वर्षांत कोणापुढे मोठ्यानं काही वाचलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी दोन पानांत घाम फुटला. तिसऱ्या पानावर मधली जाऊ नवऱ्यासमोर रडते. मी वाचलं. जयश्रीनं साडी खाली ठेवली.

“नाना, ती रडतेय ना?”

“हो.”

“मग तुम्ही एसटीत ‘एक कामरेज’ मागितल्यासारखं काय वाचता?”

सगळ्या हसल्या. उषाबाईही हसल्या, आवाज न करता, पदर तोंडाला लावून. मग त्या माझ्यासमोर बसू लागल्या. तळहात खाली केला की हळू, बोट वर केलं की थांबा, दोन्ही हात उघडले की आता मोकळं वाचा. बँडवाल्याला मास्तर खुणा करतो तशा. माझं थोडं सुधारलं असावं, फार नाही. दीपकभाईनं आठवड्यानं जयश्रीला म्हटलं की हल्ली माल फार वेळेवर येतो. “येणारच,” ती म्हणाली. “नाना वाचतात तेव्हा कामात लक्ष घालण्याशिवाय पर्याय नसतो.”

पण गंमत चालू असताना प्रत्येकीची नजर मधून मधून उषाबाईंच्या गळ्याकडे जायची, आणि हे त्यांना कळत असे. त्यांनी पदर गळ्याभोवती घ्यायला सुरुवात केली, त्या गरमीत.

सुकदेवचं मला फार वाईट वाटायचं. ज्याला ऐकू येत नाही त्याला हळू बोलताही येत नाही. एका सकाळी कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीपाशी त्यानं मला थांबवलं. “नाना, मी समजनू मना कान गयात!” त्याला वाटलं तो फक्त मला सांगतोय. रस्त्यावरची सगळी माणसं बघायला लागली. “रोज मी म्हनू, जोरमा बोल, जोरमा बोल. मीच तिना गळा फाडी टाका!” मी त्याच्या दंडाला धरून बाजूला नेलं. टपरीवाल्यानं न मागता दोघांना पाणी दिलं.

ऑपरेशन झालं. फार वेळ लागला नाही. त्यानंतर पूर्ण मौन, कुजबुजसुद्धा करायची नाही, कुजबुजीनं जास्त ताण पडतो असं सांगितलं. गाठ तपासायला गेली. ते थांबणं कसं गेलं ते मला नीट लिहिता येणार नाही. ओट्यावर काम चालू होतं, वाचन बंद ठेवलं होतं. मीच म्हटलं होतं की वाचतो, पण जयश्री म्हणाली, “नको नाना. मावशी ऐकायला नाही, तर पुढं जायचं नाही. पोथी कोणी अर्ध्यातून दुसऱ्याच्या घरी नेतं का?” तेव्हा खुणेचा कागद होता तिथेच राहिला. उषाबाई घरात पडून असायच्या आणि काही पाहिजे असेल तर वाटीवर चमचा वाजवायच्या. सुकदेवनं रजा टाकली होती. वाटीचा आवाज त्याला ऐकू येत नसे, म्हणून तो त्यांच्या समोरच बसून राहायचा, खुर्ची वळवून.

रिपोर्ट घ्यायलाही आम्ही तिघंच गेलो. बाहेर पुष्कळ पेशंट. आत बोलावलं. डॉक्टर कुठल्या तरी तपासणीतूनच उठून आले होते, तोंडावर मास्क तसाच. त्यांनी पाकीट फोडलं, वाचलं, आणि गुजरातीतच सांगितलं की काही नाही, साधी गाठ आहे, कॅन्सर नाही. जास्त ओरडून बोलल्यानं अशी होते. मिसरी सोडली ती सोडलीच ठेवायची.

उषाबाईंनी ऐकलं. त्यांचं तोंड उघडलं, आणि त्यांना आठवलं की बोलायचं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि रडायला लागल्या, आवाज न करता. सगळं अंग हलत होतं.

सुकदेवला काही ऐकू आलं नव्हतं. डॉक्टरांचे ओठ मास्कमागे. बायकोकडे पाहिलं तर ती तोंड दाबून रडतेय. त्याचा चेहरा पांढरा पडला. त्यानं डॉक्टरांच्या टेबलाची कड पकडली आणि माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर त्याला पुन्हा सांगू लागले, पण ते हळू बोलणारे गृहस्थ, आणि मास्क काढायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

मी आयुष्यात कधी आवाज चढवलेला नाही. घरातही नाही. कचेरीत मला मागच्या बाकावरचा मुका म्हणत.

“काही नाही!” मी ओरडलो. “सुकदेव, काही नाही! साधी गाठ आहे! ती बरी आहे!”

दार उघडंच होतं. बाहेर बसलेले सगळे वळून पाहू लागले. एक बाई उभीच राहिली. नर्स धावत आली. मी पुन्हा ओरडलो, कारण त्याच्या चेहऱ्यावर अजून काही हललं नव्हतं. “बरी आहे ती! साधी गाठ!”

मग त्याला कळलं. तो खाली बसला, खुर्चीवर नाही, जमिनीवरच, आणि हसायला लागला. बाहेर कोणीतरी टाळी वाजवली, कोण ते मला माहीत नाही. डॉक्टरांनी तेव्हा मास्क काढला. ते हसत होते. “काका,” ते मला म्हणाले, “तमे पण गळुं संभाळजो.”

बाहेर पडल्यावर सुकदेवनं आम्हाला गाडीवर थंड कोको पाजला. उषाबाईंना थंड चालणार होतं. त्या पेल्यात बघून मधूनच हसायच्या, मधूनच डोळे पुसायच्या.  परत येताना रिक्षात मी गुणगुणत होतो असं उषाबाईंनी नंतर सांगितलं. मला आठवत नाही.

गोडादऱ्यात पोचलो तेव्हा बायका ओट्यावर उभ्या होत्या. उषाबाईंनी रिक्षातूनच हात उंच करून हलवला. जयश्रीनं आधी कपाळाला हात लावला, मग देवाला नमस्कार केला, मग आत जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकला. तिची ती सासू, जी शांततेत आठवते, तीच बाहेर येऊन उषाबाईंच्या गालावरून हात फिरवून गेली.

काही दिवसांनी बोलायची परवानगी मिळाली, पण एका अटीवर. आवाज चढवायचा नाही, कधीच नाही. हळू वाचायला हरकत नाही, थांबत थांबत. आता बहिऱ्या माणसाच्या घरात हळू कसं बोलायचं? ह्यावर कोणी काही म्हणायच्या आत सुकदेवनंच गजेंद्रला फोन केला. कानाचं यंत्र लावायला तो वर्षानुवर्षं नको म्हणत आला होता, खात्यात म्हातारा म्हणतील म्हणून. आता म्हणाला, घेऊन ये. यंत्र आलं. पहिले दोन दिवस तो वैतागला. कुकरची शिट्टी त्याला बंदुकीसारखी वाटायची, प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज सहन होत नव्हता. “एवढा आवाज करतस का तुम्ही घरमा?” असं त्यानं विचारलं तेव्हा गजेंद्र पोट धरून हसला.

खात्याला सुट्टी होती त्या दुपारी उषाबाई पुन्हा ओट्यावर बसल्या. पंखा बंद केला होता, त्याच्या घरघरीत त्यांचा आवाज विरला असता. आम्ही सगळे सतरंजीवर अगदी जवळ. दीपकभाई माल टाकायला आला होता, तोही चप्पल काढून एका बाजूला टेकला. आणि सुकदेव बाहेर आला, यंत्र लावून, आणि बायकोच्या शेजारी बसला. तो ओट्यावर वाचनाला कधी बसला नव्हता. बसून ऐकू काय येणार?

उषाबाईंनी खुणेचा कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. आवाज पहिल्यासारखा नाही. थोडा जाड, थोडा खाली आलेला. पण स्वच्छ. लाकडावर घासल्यासारखं काही नाही. कोणी हालचाल केली नाही. पहिलं पान झालं, दुसरं झालं. थोरली जाऊ दुखण्यातून उठून पहिल्यांदा चुलीसमोर बसते असा भाग होता.

सुकदेव त्यांच्या तोंडाकडे पाहत नव्हता. आयुष्यभर तो बायकोच्या ओठांकडे बघूनच तिचं बोलणं ऐकत आला. त्या दिवशी त्यानं डोळे मिटले होते.

“तू अशी वाचस?” तो म्हणाला.

उषाबाई थांबल्या.  त्यांनी पान उलटलं.

“थांब,” तो म्हणाला. “पहिलापाईन वाच.”

“काय?” जयश्री ओरडली. “काका, आम्ही अर्ध्याच्या वर ऐकलंय! थोरली आत्ताच कुठे उठलीय!”

“तुम्ही आयकेल शे. मी कोठे आयकेल शे?”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. दीपकभाई घाईघाईनं म्हणाला की पुन्हा पहिल्यापासून म्हणजे पुन्हा ती धाकटी स्टँडवर जाणार, पुन्हा तो डबा, आणि माझ्या साड्या. “त्या दिवसाचा माल मी तुमच्या घरी देणारच नाही,” तो मोडक्या मराठीत म्हणाला. “त्या दिवशी नुसतं ऐका.”

“मग तुम्हीपण या ऐकायला,” जयश्री म्हणाली.

“येणार,” तो म्हणाला.

उषाबाईंनी खुणेचा कागद माझ्याकडे दिला, पुस्तक मिटलं, आणि पहिलं पान उघडलं.